चांगुलपणाची ग्वाही

न्यायमूर्तीपदासाठी नाव पुढे आलेल्या ताटके वकिलांवर त्यांच्याच एका ज्युनियर मुलीनं गैरवर्तनाचा आरोप केला. लगेच त्यांच्या चारित्र्याची ग्वाही देणाऱ्यांची रीघ लागली. त्यांचे कॉलेजमित्र दाभाडे सरही निवेदन लिहायला बसले.

“त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द ऐकला नाही,” सर आपल्या मुलीला, मृण्मयीला म्हणाले. “म्हणून तर तुला वकिली शिकायला त्याच्याकडे पाठवलं होतं.”

ती मेथी निवडत होती. वकिली तिनं केव्हाच सोडली होती.

“तुमच्याशी ते चांगलेच वागले, बाबा. माझ्याशी कसे वागले, ते तुम्ही विचारलंच नाहीत.”

सरांचं पेन थांबलं. “अगं, मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“मला तिथं जायचं नाही म्हणून रडले होते. ‘देवमाणूस आहे तो, सांभाळून घे,’ म्हणालात तुम्ही.”

सर उठून तिच्याजवळ बसले, पण तिच्या खांद्यावर हात ठेवायचा त्यांना धीर झाला नाही.

त्यांनी निवेदन पाठवलं नाही. महिन्याभरानं ताटक्यांचा शपथविधी थाटात झाला. ग्वाही देणारे पुष्कळ होते. एका नावावाचून कुणाचं काही अडलं नाही.