दोन हात मोकळे

आईने नवा फोन चिमटीत धरून उलटसुलट पाहिला आणि त्याला टेबलावरची चिकट खळ लागू नये म्हणून कोऱ्या कागदावर ठेवला.

"बटणं कुठायत?" तिने हातांनी विचारलं.

"काच हेच बटण," लेकीने हातांनीच सांगितलं. "आणि पसंत नसेल तर सहाच्या आत परत करायचाय. दुकानदाराने बजावलंय."

पुस्तकबांधणीच्या त्या खोलीत पाच वाजून गेले होते. आईने खिशातून जुना फोन काढून नव्याच्या शेजारी ठेवला. त्याच्या बटणांवरचे आकडे झिजून गेले होते. पण तो थरथरला की टेबलावर टेकलेल्या तळव्याला कळायचं, आणि तेवढ्यावर आईचं भागत होतं. तिला ऐकू येत नव्हतं. दूर राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीलाही नाही. दोघींना बोलायचं झालं की आई हातांनी सांगायची, लेक ते फोनवर मावसभावाला बोलून दाखवायची आणि तो तिकडे मावशीला हातांनी सांगायचा. उत्तर त्याच वाटेने परत.

"चाललंय की," आई म्हणाली. "कशाला हे नवं खूळ?"

"एकदा बघ तर."

लेकीने मावशीला फोन लावला. काचेवर चष्मा उमटला, मग पांढरी बट, मग अख्खी मावशी. तिच्यासमोर फोन मावसभावाने धरला होता. आईने फोन उचलून नाकाशी नेला आणि मागची बाजूही बघून घेतली.

मग डाव्या हातात फोन धरून ती उजव्याने बोलू लागली. मावशीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"डाव्या हाताला काय झालं? मोडला?"

"नाही गं ताई!" आईने घाईने फोन उजव्या हातात घेतला आणि डावा हलवून दाखवला.

"अगं बाई, मग उजवा मोडलाय?"

लेक हसली. आई हसली नाही. ती पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगू लागली. लेकीने मनाशी मोजलं. पहिल्या दहा शब्दांतले सहा दोन हातांचे होते, आणि सहाही लंगडे पडले. पुढच्या तशाच शब्दाला आईने फोनचा हातही मदतीला घेतला तेव्हा मावशीला छताचा पंखा दिसला.

"मी धरते," लेक म्हणाली.

"रोज येणारेस धरायला? नोकरी सोडून?" आईने काचेवरचा लाल ठिपका दाबला. मावशी गेली. "ठेव खोक्यात. एका हाताने बोलायचं म्हणजे तोंडात घास धरून बोलायचं."

पलीकडे बांधणीचे मालक कागदाचा गठ्ठा यंत्राखाली सरळ करत होते. लेकीने खोकं पुढे ओढलेलं पाहून त्यांनी अंदाज बांधला.

"तुझी आई बोलायला लागली की मला कागदांवर वजन ठेवावं लागतं," ते म्हणाले. "आणि तू तिचा एक हात बांधायला निघालीस?"

लेकीने फोन खोक्यात ठेवला. झाकण लावणार तोच आईने तो पुन्हा बाहेर काढला. तळहातावर जोखला. टेबलाच्या कडेला उभा करून सोडला. पडला. तिने खालच्या ढिगातून जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा ओढला, पोलादी पट्टी ठेवून सुरीने दोन अर्धवट चिरा दिल्या आणि तिथे घडी घातली. फोन त्यावर टेकवला. त्यात तिची हनुवटी दिसली. घडी थोडी मिटली. आता नुसतं कपाळ. पुठ्ठ्याची खालची कड अर्धं बोट कापून, वाकवून ती फोनच्या पायाशी अडवली. फोन उभा राहिला.

"लाव परत," तिने सांगितलं आणि एक पाऊल मागे झाली.

तिकडे मावशीनेही मुलाला बाजूला सारून फोन कशाला तरी टेकवला.

"दिसतेय?" आईने विचारलं.

"कोपर कापलंय."

आई आणखी एक पाऊल मागे गेली. "आता?"

मावशीने दोन्ही हात वर केले.

सुरुवात गुडघ्यांपासून झाली. मग डॉक्टर, मग सुनेची नोकरी. लेकीला सगळं समजत होतं. हळूहळू हात वेगात येऊ लागले. एकीने शब्द निम्मा उचलावा आणि दुसरीने उत्तर देऊन टाकावं. करंगळी कानामागे जाऊन येई, मूठ गालावर दोनदा आपटे. आई एकदम मोठ्याने हसली, इतकी मोठ्याने की मालकांनी यंत्र थांबवलं. मग तिने मनगटावर बोट घासून काहीतरी विचारलं. मावशीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि हळूहळू, लांबलचक सांगायला लागली. आई एकटक पाहत होती. हात तिने छातीशी धरून ठेवले होते.

"काय म्हणतायत गं?" मालकांनी दबक्या आवाजात विचारलं.

लेकीने त्या हातांकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मला नाही कळत," ती म्हणाली. "हे शब्द आईने घरात कधी काढलेच नाहीत."

सहाला दहा मिनिटं होती. लेक खुर्चीवरून उठली. मालकांना वाटलं, आता ही फोन मागणार. खिडकीतला उजेड उतरत चालला होता आणि आईची बोटं भिंतीच्या रंगात मिसळू लागली होती. लेक त्या दोघींच्या मधून न जाता टेबलाला वळसा घालून गेली, आणि तिने आईच्या डोक्यावरचा दिवा लावला.