आधी हात धुवा

तिसरा केकही कडूच निघाला. दीपमालाने कडेचा तुकडा तोंडात टाकला आणि तसाच सिंकमध्ये थुंकला. सकाळपासूनचा मैदा, लोणी, क्रीम, सगळं मातीत गेलं होतं. काल बिडकीनच्या एका बाईने गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं होतं, सीताफळ केक कडू लागला, पोरांनी तोंडातून काढून टाकला. त्यावर लगोलग तिघींनी दिवाळीच्या ऑर्डरी रद्द केल्या. आंबा, अंजीर, पेरू यांच्या जिवावर कमावलेलं नाव एका सीताफळाने घालवलं.

खिडकीखाली तिची सासू, भागूबाई, शांतपणे सीताफळाच्या बिया काढत बसली होती. पिशोरहून येताना टोपलंभर फळं तिनेच आणली होती, बांधावरच्या झाडाची. गर काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण वाटी भरली की ती उठायची आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायची. साबण लावून, दोन-दोनदा. ते बघून दीपमालाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सुनेच्या स्वयंपाकघराची एवढी काय घाण लागते या बाईला?

आणि केक तर ती तोंडाला लावायलाच तयार नव्हती. हीच बाई उन्हाळ्यात आंब्याचा चीजकेक दोनदा मागून खात होती. पेरूची पेस्ट्री केली तेव्हा बशी पुसून बोटं चाटत बसली होती. म्हणून तर दीपमालाने नवऱ्याला, सुदर्शनला, विचारलं होतं की आत्याबाईंना सगळ्यात जास्त काय आवडतं. सीताफळ, तो म्हणाला. आम्हा पोरांच्या वाटणीचीसुद्धा आई खायची. तिथून हा खटाटोप सुरू झाला. सगळा सासूसाठी मांडलेला, आणि सासूचं आठ दिवस एकच पालुपद. नको गं, तुम्ही खा.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणही सरळ होतं आणि नाचही येत होता, पाय कुठे घसरतोय एवढंच कळत नव्हतं. ज्या एका बाईला ते कळलं असतं, ती घास घ्यायला तयार नव्हती.

दीपमालाने कडू केकचा तुकडा बशीत घेतला आणि बशी सासूसमोर आदळली. आज एक घास तरी खाच, म्हणाली. भागूबाईने बशी हलकेच बाजूला सारली. नको गं, म्हणत ती पुन्हा हात धुवायला उठली.

आता मात्र दीपमालाचा संयम संपला. गुलमंडीच्या बाजारातून हौसेने आणलेले केकचे साचे ती एकेक करून पिशवीत कोंबू लागली.

"राहू द्या आत्याबाई, नका धुऊ हात. आजपासून हे सगळं बंद. ओव्हन उद्याच विकून टाकते. तीनदा केला, तीनदा कडू झाला. गिऱ्हाइकाला गोड लागत नाही, घरच्यांना चाखावासा वाटत नाही. मग करू कोणासाठी?"

भागूबाईचा हात नळावरच थांबला. ती परत येऊन पाटावर बसली. टोपल्यातलं सगळ्यात पिकलेलं सीताफळ तिने उचललं आणि दोन्ही हातांनी फोडलं.

"खरंच बंद करनार?"

"हो."

"मंग मी हे खाते आता. माघात काशीला गेले तव्हा गंगेत सोडलं व्हतं. तुझी भट्टी चालू दे म्हनून."

दीपमालाच्या हातातला साचा हातातच राहिला. काशीला गेलं की आवडीचं एक फळ कायमचं सोडून यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. सासू गावच्या बायकांबरोबर यात्रेच्या बसने गेली होती, हेही ठाऊक होतं. पण तिने काय सोडलं, हे विचारायचं घरात कोणाला सुचलं नव्हतं.

भागूबाई सांगत गेली. बाकीच्या बायका हुशार निघाल्या. एकीने कवठ सोडलं, ते तिला आधीच आवडत नव्हतं. दुसरीने जन्मात न पाहिलेलं ड्रॅगन फ्रूट सोडलं. पण गंगामाईला फसवून तिच्याकडेच मागणं कसं मागायचं, म्हणून भागूबाईने सीताफळ सोडलं. मागणं बोलून दाखवलं तर ते फळत नाही, म्हणून कोणाला सांगितलं नाही. आणि गर काढता काढता बोट तोंडात घालायची साठ वर्षांची खोड. ती जात नाही, म्हणून हा साबण.

"केक कडू का व्हतो ते इचारायचंस ना मला. आठ दिस नुसतं खा, खा. सीताफळाला जाळ सोसत नाय. केक गार झाल्यावर गर मधी भरायचा." भागूबाईने उसासा टाकला. "पन आता भट्टीच नाय म्हनल्यावर मी तरी कशापायी पाळू?"

आणि तिने फळ तोंडाशी नेलं.

दीपमाला धावली. सासूच्या हातातले फळाचे दोन्ही अर्धे भाग तिने काढून घेतले आणि वाटीत ठेवले. भागूबाईची दहाही बोटं पांढऱ्या गराने माखली होती. दीपमालाचे डोळे भरून आले होते, तरी तिने आधी ओव्हन चालू केला आणि मग नळ सोडला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आधी हात धुवा."