लांब्याचं गाणं

जनावरांच्या डॉक्टरबाई बोलते पट्टे घेऊन माळावर आल्या. मेंढ्यांच्या गळ्यात ते बांधले आणि "भूक", "पाणी", "कुत्रं आलं" असा मराठीत गलका सुरू झाला. मेंढपाळ धुळा पोट धरून हसला. शेवटचा पट्टा त्याच्या बायकोनं, ठकुबाईनं, हट्टानं लांब्याला बांधायला लावला.

लांब्या म्हणजे त्यांचा लामा, उंटासारख्या लांब मानेचा. लांडग्यांना पिटाळायला अकरा वर्षांपूर्वी सरकारकडून मिळालेला. दोन दिले तर ते एकमेकांतच रमतात, मेंढरं राखत नाहीत, म्हणून कळपागणिक एकच. तो सारखा नाकातून गुणगुणायचा. ठकुबाईनं ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं होतं. संध्याकाळी ते वाजवलं की लांब्या असेल तिथून धावत यायचा आणि तिच्याभोवती फेऱ्या मारायचा. "लई जीव हाय त्याचा माझ्यावर," ती येईल त्याला सांगायची.

आजही तिनं फोन वाजवला. लांब्या कान टवकारून धावत आला.

"आलो, आलो! कुठं आहेस?" त्याचा पट्टा म्हणाला.

तो तिच्या मागं गेला, पालात डोकावला, पुन्हा फिरून आला.

"आत्ता तर बोललास. कुठं आहेस?"

ठकुबाईनं घाईनं फोन बंद केला.

"तुला काय ठावं व्हतं?" धुळा हळूच म्हणाला.

ती भाकरी घेऊन लांब्याजवळ गेली. त्यानं भाकरी हुंगली आणि तिच्या खांद्यावरून पालाकडं बघत नेहमीचं गाणं गुणगुणू लागला.

"मी इथंच आहे," पट्टा म्हणाला.