सलोमी बोलली

बहात्तरच्या दुष्काळात शांतवन आपल्या लेकीला शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतून सुट्टीसाठी शेवगावजवळच्या गावी घेऊन आला. निघताना शाळेतल्या बाईंनी त्याला बजावलं होतं, "सलोमी आता तोंडानं बोलायला लागलीय. घरी हातांच्या खुणा अजिबात करू देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल." शांतवनला काहीतरी सांगायचं होतं, पण एवढ्या शिकलेल्या बाईंपुढं त्याला धीर झाला नाही. "व्हय बाई," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी त्याची बायको मरिया दुष्काळी कामावरून खडी फोडून आली आणि तशीच धुळीच्या अंगानं लेकीपुढं बसली. सलोमीचे हात आपोआप वर आले. याच हातांनी ती पूर्वी आईशी दिवसभर गप्पा मारायची. शांतवननं ते हलकेच खाली दाबले. मग पोरीनं मोठा श्वास घेतला आणि घशाला ताण देत, तुटक तुटक का होईना, म्हणाली, "आई, मला तुझी लई आठवण आली."

दारात माणसं जमली होती. शेजारच्या राहीबाईनं डोळ्याला पदर लावला. "देवाची करनी हाय शांतवन, पोरगी बोलली!"



जन्मापासून बहिरी असलेली मरिया लेकीच्या ओठांकडं बघत राहिली, आणि मग दमलेल्या हातांनी तिनं नवऱ्याला खुणेनं विचारलं, "काय म्हनती ही?"