वर जाणारी वायर

फोनची लाइन खाली माझ्याकडे, म्हणून राउटरही माझ्याच फ्रिजवर. तिथून निळी वायर जिन्याने वर माझ्या जावेकडे, आयतकडे गेली होती. कॉम्प्युटर तिच्याकडे दोन, माझ्याकडे एकही नाही.

माझा अदनान कुवेतला. शुक्रवारी दुपारी कॅमेऱ्यावर यायचा, तोही तिच्याच घरात. शुक्रवारी गल्लीतले कापडाचे लूम बंद, त्यामुळे वरचा शब्दन् शब्द खाली ऐकू यायचा. तासभर चाचीशी हसून झालं की ती जिन्यातून हाक मारायची, "भाभी, लवकर या, निघतोय तो."

पोटचा पोरगा माझा, आणि माझ्या वाटणीला नुसतं 'खुदा हाफिज'!

त्या शुक्रवारी हसणं सुरू झालं तसं माझं डोकं फिरलं. मी ती वायर राउटरमधून उपटली. राउटरवरचा त्या वायरीचा दिवा विझला.

वरचं हसणं थांबलं नाही.

हातातली वायर कोमट लागत होती. मी रागाने मूठ आवळली, अजून आवळली.

हसणं एकदम तुटलं.

"चाची," वरून अदनान कळवळून म्हणाला, "अम्मीला म्हणावं, हात सोड माझा. दुखतोय."