सुरगाठ

"पुन्हा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खिडकीकडे वळल्या.

शिकाऊ मास्तराने फळीवर ठोकलेला बूट परत मुलीपुढे सरकवला. विशेष मुलांच्या शाळेतली ही त्याची शेवटची परीक्षा. मुलीला सुरगाठ शिकवायची. गाठ मात्र तिची तिनेच मारायची. मागच्या वर्षी तो लेखीतच आपटला होता. आता घसरला की काकांच्या गोदामात खोकी उचलायची, हे घरात ठरूनच गेलं होतं.

मुलगी नऊ-दहा वर्षांची. सकाळपासून चकार शब्द बोलली नव्हती. तिच्या पायातल्या बुटांच्या नाड्या मात्र कशा चापूनचोपून बांधलेल्या. आईने बांधून दिल्या असतील, असं त्याला वाटलं.

पहिल्यांदा तिने निरगाठ मारली. दुसऱ्यांदा नाडी भोकांतूनच उपसून काढली. मग दोन्ही टोकं एकाच हातात. सातव्या खेपेला तर नाडी बोटाला गुंडाळून छताकडे बघत बसली. मास्तराला घाम फुटला. तिचे हात धरावेत आणि एकदाची गाठ मारून टाकावी, असं फार फार वाटलं. त्याने स्वतःचेच हात मांड्यांखाली दाबून धरले.

आठवी चूक झाली आणि त्याला नवल वाटायला लागलं. पुस्तकात लिहिलं होतं, मूल अडतं ते त्याच त्या टप्प्यावर. ही तर दरवेळी नवी चूक करत होती. जुनी एकदाही नाही! त्याचा वैताग कुठल्या कुठे पळाला. खुर्ची सोडून तो जमिनीवर मांडी घालून बसला.

"माझंच काहीतरी चुकतंय बघ," तो म्हणाला. "आता तू शिकव मला. तुझ्या डोक्यात ही गाठ कशी आहे?"

मुलीने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग बाईंच्या पाठीकडे. मग तिची बोटं सरसर फिरली आणि दोन कानांची सुरेख सुरगाठ तयार झाली.

"जमलं की गं!" मास्तर ओरडलाच. त्याचे डोळे भरून आले.

"बाहेर थांबा जरा," बाई म्हणाल्या.

बाहेर पडून तो दार ओढून घेत होता. फटीतून दिसलं, बाई गुणांचा कागद घेऊन मुलीसमोर बसल्या होत्या.

"हं, बोल. काय लिहू?"

"ह्याला पास लिहा, बाई," मुलगी म्हणाली. "कालचे दोघं चौथ्या चुकीलाच माझे हात धरून मोकळे झाले. ह्याच्यापुढे माझ्या चुकाच संपल्या."