रेकॉर्डवरचा खोकला

गादीवाल्याने आणखी एक गोळी गालात सरकवली आणि तोंडावर रुमाल दाबला. शेवटची रांग, दाराशेजारची खुर्ची. तिकीट काढताना त्याने हीच जागा मागून घेतली होती, घशात खवखवलं की सटकता यावं म्हणून. समोर स्टेजवर त्याची मुलगी एकटीच बसली होती, मांडीवर गिटार घेऊन. ती आता जे गाणं म्हणणार होती, ते त्यानेच एकदा बिघडवलं होतं.

जन्मभर कापूस पिंजलेला माणूस. गाद्या लोकांच्या घरी गेल्या, तूस याच्या छातीत राहिलं. मुलीने स्वतः लिहिलेल्या, स्वतःच चाली लावलेल्या गाण्यांची पहिली रेकॉर्ड लोकांसमोर बसून करायची ठरवली, तेव्हा बाप नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. सगळे कसे हाताची घडी तोंडावर बोट. आणि शेवटच्या गाण्यात ती क्षणभर थांबली, तर नेमका त्या शांततेत याचा खोकला. लपवता येईल असा नाही, पार तळातून आलेला. दुधात मिठाचा खडा पडला. गाणं संपायच्या आत तो बाहेर निघून गेला होता.

रेकॉर्ड घरोघरी गेली, खोकल्यासकट. रेकॉर्डिंगवाला म्हणे तो काढून टाकायला तयार होता. मग काढला का नाही, हे विचारायची गादीवाल्याला हिंमत झाली नाही. कुठे ते गाणं लागलेलं ऐकू आलं की तो रस्ता बदलायचा. त्या गाण्याचा विषय घरात काढायचा नाही, असं त्याने मायलेकींना बजावून ठेवलं होतं. मुलगी तरी प्रत्येक कार्यक्रमाआधी विचारायचीच.

"बाबा, येताय ना?"

"सीझन आहे गं."

"गाद्यांचा कसला आलाय सीझन?"

"माणसं बाराही महिने झोपतात," असं म्हणून तो पुन्हा दाभण उचलायचा.

परवा एक गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणालं, "तुमचं काय बुवा, तुम्ही तर तिला रोज समोर बसून ऐकत असाल." गादीवाला "हो तर" म्हणून मोकळा झाला. पण ते खोटं दिवसभर त्याला टोचत राहिलं. संध्याकाळी त्याने कुणालाही न सांगता तिकीट काढलं.

आणि आता तो ऐकत होता. समोर बसून ऐकणं इतकं वेगळं असतं, हे तो विसरूनच गेला होता. रेडिओवरचा आवाज बंद करता येतो. हा आवाज सरळ छातीला येऊन लागत होता. कापसाच्या ढिगात उड्या मारून मार खाणारी पोरगी ती हीच का? एवढी माणसं बसलेली, आणि एकाचाही पाय वाजत नव्हता. त्याला आपल्याच मुलीची भीती वाटली, फार मोठ्या माणसाची वाटते तशी.

मग ते गाणं आलं. दिवा मालवलाय आणि एका लहान मुलीला अंधारात झोप येत नाही, एवढीच त्यातली गोष्ट.

"निजलं दार, निजली भिंत, कोण जागं गं, कोण जागं?"

विचारून ती थांबली. तारांवरचा हातही थांबला. डोळे मिटलेले. गादीवाल्याने श्वास कोंडून धरला.

आणि अख्खं सभागृह खोकलं.

पुढचे, मागचे, गॅलरीतले, बाया, बाप्ये, पोरं. हलकेच, एकदम, एकदाच. गादीवाल्याने दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी ही माणसं आपली टिंगल करतायत, असंच त्याला वाटलं. पण कुणी हसत नव्हतं. शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने डोळे मिटून छातीवर हात ठेवला होता. तिच्या पलीकडचा म्हातारा चष्मा काढून डोळे पुसत होता.

स्टेजवरचा हात पुन्हा तारांकडे गेला, तेवढ्यात गादीवाल्याचा कोंडलेला श्वास फुटला. ना गोळ्या कामाला आल्या ना रुमाल. खरा खोकला, पार तळातला, सगळ्या शांततेत एकटाच.

शेजारची मुलगी वळली. ती रागावली नव्हती, समजावत होती.

"काका, उशीर झाला तुम्हाला. सगळ्यांबरोबर खोकायचं असतं."

"पण का?"

"पहिल्यांदाच आलात वाटतं. ती विचारते ना, कोण जागं? मग बाहेरच्या खोलीतून खोकला ऐकू येतो, आणि तिची भीती पळते. गाणंच तसं आहे."

गादीवाल्याने तोंडावरचा रुमाल खाली घेतला. त्याची पोरगी लहान असताना तो रात्र रात्र बाहेरच्या खोलीत गाद्यांना टाके घालायचा. आत तिची झोपमोड होऊ नये म्हणून खोकल्याची उबळ आली की तोंडात फडकं कोंबायचा. तरी खोकला बाहेर पडायचाच, आणि त्याला अपराध्यासारखं व्हायचं.

पुढचे सूर काही आले नाहीत. लोकांत चुळबुळ सुरू झाली. गाताना कधी डोळे न उघडणारी त्याची मुलगी डोळे उघडून मागच्या रांगांमधल्या अंधारात बघत होती. मग तिने माईक जवळ ओढला आणि घरात बोलावं तितक्या हळू म्हणाली, "बाबा जागे आहेत."